शंकू पाहिल्याशिवाय

सत्तावीस नंबरच्या कुंडीला शंकू आला तो मंगळवार होता. बागेतल्या माळीणबाईंनी हर्बेरियमच्या दारात येऊन ती बातमी दिली, तेव्हा मामा हातातला डिंकाचा ब्रश तसाच टाकून उठले. अकरा वर्षं ते या शंकूची वाट बघत होते. चष्मा टेबलावर राहिला, चपला दाराशी राहिल्या, आणि अठ्ठावन्न वर्षांचे मामा अनवाणी काचघराकडे धावले. कुंडीपाशी पोचले आणि थबकले.

शंकू पिवळा होता. चष्म्याशिवायही तेवढं दिसत होतं.

"छान आलाय ना?" माळीणबाई म्हणाल्या. "एकदम अननसासारखा."

कुंडीशेजारच्या उलट्या बादलीवर मामा हळूच बसले.

पिवळा शंकू बघून एखाद्याच्या तोंडचं पाणी का पळावं, हे कळायचं तर मामांचं काम काय ते आधी सांगायला हवं. मामा या वनस्पती संशोधन संस्थेच्या हर्बेरियमचे प्रमुख. प्रमुख म्हणायचं ते दारावरच्या पाटीपुरतं, हाताखाली कुणीच नाही. तीन खोल्या, भिंतीला लावून लोखंडी कपाटं, कपाटांत कागदावर चिकटवलेली वाळकी झाडं आणि डांबरगोळ्यांचा वास. त्या वासात माणसाने एकतीस वर्षं काढली. सख्खी भाची याच संस्थेत संशोधनाला आली आणि दिवसभर मामा मामा करत हिंडू लागली, तेव्हापासून संचालकबाईंपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते मामा झाले. त्यांना ते आवडत नसे, पण विचारतो कोण?

कुणीही कुठल्याही झाडावर प्रयोग करायचे म्हटले की आधी त्या झाडाचा वाळवलेला नमुना मामांकडे जमा करावा लागे. मामा तो भिंगाखाली धरून बघत, नाव लिहीत, सही करत, शिक्का मारत. अमक्या पानाने तमका आजार बरा होतो असं जगाला सांगायचं असेल, तर ते पान नक्की कुणाचं हे आधी ठरायला हवं. ते ठरवणारा माणूस म्हणजे मामा. त्यांच्या कागदाशिवाय कुणाचंही घोडं पुढे सरकत नसे.

आता सायकॅडचं. ही झाडं दिसायला बुटक्या माडासारखी, पण माडाशी त्यांचं नातं नाही. पृथ्वीवर फुलंसुद्धा नव्हती तेव्हापासूनचं हे घराणं. त्यातल्या दोन जाती या बागेला ठाऊक होत्या, आणि शास्त्रीय नावं घेताना जीभ अडखळते म्हणून बागेतले सगळे त्यांना धाकटी आणि थोरली म्हणत. धाकटी बँकेच्या दारात, हॉटेलच्या पायऱ्यांशी, इस्पितळाच्या फाटकापाशी, जिथे म्हणाल तिथे. थोरली मात्र साऱ्या जगात एकाच ठिकाणी, शहरामागच्या डोंगराच्या पूर्व उतारावर. पानं दोघींची इतकी सारखी की जन्म देणारी आईसुद्धा फसेल. फरक कळतो शंकूवरून. या झाडांना फूल येत नाही, शंकू येतो, तोही दहापंधरा वर्षांतून एकदा. धाकटीचा पिवळा आणि गुळगुळीत. थोरलीचा विटकरी, अंगावर मखमलीसारखी लव असलेला. मामांचे गुरू, म्हणजे आधीचे प्रमुख, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. शंकू पाहिल्याशिवाय सही करायची नाही.

एकतीस वर्षांत मामांनी हा नियम एकदाच मोडला होता, आणि तोही भाचीसाठी.

चार वर्षांपूर्वी ती याच खोलीत हात जोडून उभी होती. "मामा, उद्या दुपारी बारापर्यंत कागद जमा झाला नाही तर माझी तीन वर्षं पाण्यात जातील."

"शंकू कुठे आहे?" मामांनी विचारलं.

"शंकू यायला दहा वर्षं लागतात. माझी मुदत उद्या संपते. आणि मी पानं घेतली त्या कुंडीवर पाटी आहे ना? तुमच्या सरांच्या अक्षरातली?"

पाटी होती. पत्र्याची, गुरूंच्या वळणदार अक्षरातली. गुरूंनी स्वतः डोंगरावरून थोरलीचं रोप आणून सत्तावीस नंबरच्या कुंडीत लावल्याची नोंदही होती. मामांनी पान भिंगाखाली धरलं, पाटी आठवली, भाचीचा रडवेला चेहरा बघितला आणि सही ठोकली.

त्या सहीवर भाचीचं संशोधन उभं राहिलं, आणि काय उभं राहिलं! पानांचा अर्क सात वेळा गाळून, त्यातलं विष काढून, उरलेला थेंब तिने काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला, आणि पेशी मेल्या. मग उंदरांवर करून बघितलं, त्यांच्या गाठी आक्रसल्या. मोठ्या नियतकालिकात लेख आला. लेखाचं शेवटचं वाक्य होतं, की माणसावर वापरण्याआधी पुष्कळ संशोधन व्हायला हवं. वर्तमानपत्रांनी लेख डोक्यावर घेतला आणि शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

पुढच्या दोन वर्षांत डोंगर ओरबाडला गेला. गणती झाली होती तेव्हा थोरलीची एकेचाळीस झाडं होती. आधी पानं गेली, मग शेंडे, मग लोकांनी बुंधे उकरून नेले. बाजारात पानांच्या जुड्या विकायला आल्या, आणि प्रत्येक जुडीसोबत एक झेरॉक्स फुकट. झेरॉक्स कसली, तर मामांच्या प्रमाणपत्राची. सही, शिक्का, तारीख, सगळं ठळक. मामांनी वनखात्याला अठरा पत्रं लिहिली. उत्तरं नऊ आली, आणि नऊही उत्तरांत तेच, की पत्र मिळालं. शेवटी कड्याखालच्या कपारीत एकच झाड उरलं. त्याच्याभोवती लोखंडी पिंजरा बसवायची परवानगी मिळेपर्यंत मामांच्या नाकीनऊ आले.

पिंजरा बनवायला आलेला वेल्डर चाळिशीचा, कमी बोलणारा आणि हाताचा साफ होता. दोन दिवस तो डोंगरावर राबला. पहिल्या दिवशी मामांशेजारी दगडावर बसून चहा पिताना त्याने विचारलं, "एवढं काय सोनं लागलंय हो या झाडाला?"

मामांनी सांगितलं. असं विचारणारा माणूस रोज भेटत नाही, त्यामुळे जरा लांबण लावूनच सांगितलं.

"माणसाच्या पेशी मेल्या?" वेल्डरने विचारलं.

"माणसाच्याच. पण बशीतल्या."

"आणि ते झाड हेच, हे कशावरून ठरतं?"

मामा खूश झाले. हा प्रश्न तर त्यांना आजवर एकाही पत्रकाराने विचारला नव्हता. त्यांनी त्याला झाडाच्या मध्यावर फुटलेला मुठीएवढा कोंब दाखवला. "हा शंकू. सहा महिन्यांत पिकेल. याच्यावरून कळतं. पानाचा काही भरवसा नाही. शंकू पाहिल्याशिवाय मी कुणाच्या बापालाही सही देत नाही."

वेल्डरने समजल्यासारखी मान हलवली. "बरोबर आहे. आमच्यातही सांधा ठोकून बघितल्याशिवाय पास करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याला कुलूप लागलं आणि वेल्डरने मामांच्या हातात किल्ली दिली. ती एकच असेल असं मामा धरून चालले. डोंगर उतरताना मात्र त्यांचं मन खात होतं, की आपण नियमाची बढाई मारली खरी, पण एक सही आपणही उधारीवर दिलेलीच आहे.

आणि आता हा पिवळा शंकू. सत्तावीस नंबरच्या कुंडीत, गुरूंच्या पाटीखाली, धाकटीचा.

कसं झालं ते मामांना उलट्या बादलीवर बसल्या बसल्याच उमगलं. फार पूर्वी काचघराचं छप्पर दुरुस्त केलं तेव्हा सगळ्या कुंड्या बाहेर काढून रंगवल्या होत्या. पाट्या उतरवल्या, घासून लख्ख केल्या, परत लावल्या. रंगाऱ्याने आपल्या परीने नीट, रांगेतच लावल्या असतील. खरी थोरली धाकटीच्या पाटीखाली गेली, आणि धाकटीच्या कुंड्या तर संस्थेत येणाऱ्या पाहुण्यांना भेट द्यायची पद्धतच होती. कुणा पाहुण्याच्या गॅलरीत ती पाण्यावाचून वाळून गेली, कोण जाणे.

म्हणजे पेशी मारल्या त्या धाकटीने, आणि डोंगरावर एकेचाळीसातली चाळीस झाडं मेली ती थोरलीची.

त्या दिवशी संध्याकाळी मामांनी भाचीला घरी बोलावलं. मामींनी चहा ठेवला आणि दोघांची तोंडं बघून त्या न विचारताच आतल्या खोलीत गेल्या. मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. चहावर साय धरली.

"मी तो प्रयोग सतरा वेळा केला, मामा," ती शेवटी म्हणाली. "सतरा वेळा. माझे आकडे खरे आहेत."

"आकडे खरेच आहेत गं."

"नाव तेवढं खोटं."

"नाव माझं. म्हणजे, मी दिलेलं." मामा म्हणाले. "शिव्या दे हवं तर."

तिने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं, ते या लेखाच्या जोरावरच. ती उठली, पिशवीतून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला आणि मामांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नियतकालिकाला पत्र लिहिलं, की आमच्या लेखातलं झाड चुकीचं आहे. पाठवायचं बटण दाबताना तिने डोळे मिटले होते. पोर जिगरबाज, मामांसारखी नाही.

मग सुरू झालं ते भिजत घोंगडं. नियतकालिकाचं उत्तर अदबशीर होतं. आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, कृपया या वंशाच्या मान्यवर तज्ज्ञाचं नवं ओळख प्रमाणपत्र जोडावं. आता या वंशाचा मान्यवर तज्ज्ञ जगात एकच होता, आणि त्याच्या चुकीचंच तर हे पत्र होतं. संचालकबाईंनी मामांना समोर बसवून पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि चौकशी समिती नेमते म्हणाल्या. समितीवर सायकॅडचा जाणकार हवा. दोन आठवडे शोध चालला. प्रत्येक संस्थेने उलट टपाली एकच नाव सुचवलं, मामांचं.

"आता मी तरी काय करू, मामा?" बाईंनी हात वर केले. त्या खोटं बोलत नव्हत्या. खरोखरच त्यांना काही करता येत नव्हतं.

मामांनी मग वर्तमानपत्राला फोन लावला. पलीकडचा वार्ताहर उत्साही होता. "म्हणजे ते औषध खोटं?"

"औषध नव्हतंच. बशीतला परिणाम होता, आणि तो खरा आहे. झाड दुसरं आहे."

"मग खरं झाड कुठलं? ते छापतो."

खरं झाड इस्पितळाच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना रांगेने उभं होतं. उद्या छापून आलं की संध्याकाळपर्यंत रुग्णांचे नातेवाईक ते पानापानाने ओरबाडून, घरी उकळून आपल्या माणसांना पाजतील. सात वेळा गाळणार कोण? दोघींच्याही अंगात विष आहे. यकृत जातं, मग माणूस जातो. मामांनी फोन ठेवून दिला. खरं बोलावं तर माणसं मरणार, गप्प बसावं तर झाड मरणार. झोपेतसुद्धा मामा आता दात खाऊ लागले, असं मामी म्हणाल्या.

एक झाड तरी वाचलंय, हाच काय तो आधार. मामांचे गुडघे दुखत, तरी ते पंधरवड्यातून एकदा डोंगर चढून पिंजऱ्याशी जात. शंकू वाढत होता, रंग धरत होता. एकदा पानं मोजली तर दोन कमी भरली. पण कुलूप जागच्या जागी होतं, तेव्हा मोजण्यातच चूक झाली असेल असं म्हणून मामा खाली उतरले. आपल्या मोजण्यावरचा त्यांचा विश्वास आता तसाही उडाला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, वेल्डर हर्बेरियमच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर गोणी होती.

"मामा, आत येऊ?"

"या या," मामा म्हणाले. "पिंजऱ्याचं काही राहिलंय का?"

त्याने गोणी मामांच्या मोठ्या टेबलावर ठेवली, सुतळी सोडली आणि गोणपाट चारी बाजूंनी खाली सारलं. आत थोरलीचा अख्खा शेंडा होता. पानांपासून हातभर खाली, करवतीने एका रेषेत कापलेला. पानं वर बांधलेली. आणि मधोमध, बाळाच्या डोक्याएवढा, विटकरी, लवदार, पिकलेला शंकू.

असा पिकलेला मामा आयुष्यात प्रथमच पाहत होते. गुरूंनी काढलेलं एक जुनं रंगीत चित्र तेवढं त्यांना ठाऊक होतं, आणि ते फिकं होतं. त्यांनी हात पुढे करून लवेवरून बोट फिरवलं. बोटाला गेरूसारखी पूड लागली.

"हीच ना?" वेल्डरने विचारलं.

"हीच," मामा म्हणाले.

एकतीस वर्षांची सवय. समोर नमुना आला, शंकू दिसला, तोंडातून नाव गेलं. वेल्डरने डोळे मिटून लांब श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर मामा भानावर आले.

"अहो, हे काय केलंत तुम्ही? ही शेवटची होती!"

"माहीत आहे." वेल्डरने मान खाली घातली. "चूक झाली म्हणा, पाप झालं म्हणा. पण माझी बायको आहे, मामा. पोटात गाठ आहे. इस्पितळातून आता घरी न्या म्हणाले. घरी न्या म्हणजे काय, ते मलाही कळतं."

पिंजऱ्याशेजारी चहा पिताना याने काहीच सांगितलं नव्हतं.

"तेव्हाही होती का?" मामांनी विचारलं.

"तेव्हाच कळलं होतं नुकतं. म्हणून तर विचारलं तुम्हाला. महिन्याभरात दोनदा एकेक पान नेलं. दुसरी किल्ली होती माझ्याकडे. पाण्यात उकळून दोन घोट दिले. परवापासून जरा जेवतेय. पण आता लोक म्हणतात, पानात जोर नाही, गाभ्यात आहे."

"गाभा नाही द्यायचा!" मामा ओरडले. माळीणबाई खिडकीतून डोकावल्या. "अजिबात नाही. पानही नाही. विष आहे त्यात. आणि ही ती नव्हेच. ज्याच्यावर प्रयोग झाला ते झाड दुसरं होतं. माझी चूक झाली. माझी."

वेल्डरने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला. झेरॉक्स. "ही तुमची सही ना?"

"माझी. पण चुकीची."

"आणि आत्ता हीच म्हणालात ते?"

"ते बरोबर. झाड हेच. पण औषध हे नव्हे."

वेल्डरच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. "मग औषधाचं झाड कुठलं?"

मामांच्या घशात ते नाव आलं. ज्या इस्पितळाच्या फाटकातून हा माणूस सहा महिने ये-जा करतोय, तिथेच ते उभं आहे. सांगितलं की हा इथून थेट तिथे जाणार, आणि नाही सांगितलं की हा गाभा घेऊन घरी जाणार. मामा पाणी प्यायले.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"झालं तर मग," वेल्डर हळूच म्हणाला. "मामा, तुम्हाला कुणीतरी गप्प बसायला लावलंय. तुमचा दोष नाही. मी कुणाला काही सांगणार नाही."

मामा उठून गोणीला आडवे झाले. दोन्ही हातांनी त्यांनी शेंडा धरून ठेवला. वेल्डरने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सोडवावीत तशी, कुठेही दुखू न देता. मग खिशातला चाकू काढून त्याने शंकू देठापासून अलगद कापला आणि टेबलावर मामांसमोर ठेवला. "हा तुम्हाला ठेवा. याचा उपयोग नाही म्हणतात." गोणी खांद्यावर टाकून तो गेला. मामा फाटकापर्यंत मागे धावले, पण त्याची मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती.

भाचीला फोन केला. ती प्रयोगशाळेतला कोट अंगावर तसाच ठेवून आली, सगळं ऐकलं आणि वळली. "इस्पितळात त्याच्या बायकोच्या डॉक्टरांना गाठते. घरचा पत्ता तिथे मिळेल. तुम्ही त्याला फोन करत राहा." व्हरांड्यातून तिची पावलं धडधडत गेली.

वेल्डर फोन उचलत नव्हता. नुसतं बसवेना, म्हणून मामांनी शंकू सोलायला घेतला. खवल्यांमागून लाल बिया निघाल्या, बोराएवढ्या, एकशे बारा. माळीणबाईंनी न सांगताच पाण्याची बादली आणून ठेवली. त्यांनाही माहीत होतं, की बी जिवंत असेल तर बुडतं, पोकळ असेल तर तरंगतं. या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात, आणि डोंगरावरची नर झाडं दोन वर्षांपूर्वीच गेली होती, तेव्हा आशा नव्हतीच. तरी मामांनी मूठभर बिया पाण्यात सोडल्या.

सगळ्या वर आल्या. मामांनी दुसरी मूठ सोडली.

पाचव्या खेपेला फोन उचलला गेला. मागे भांड्याचा आवाज येत होता.

"अहो ऐका," मामा गयावया करू लागले. "देऊ नका. तुमच्या पाया पडतो. माझी भाची येतेय तिकडे, ती येईपर्यंत तरी थांबा."

"मामा, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," वेल्डर समजुतीच्या सुरात म्हणाला. "थोडाच दिलाय. तिने हसून घेतला."

मामांचा हात बादलीत तसाच होता. मग त्यांच्या तोंडून भलताच प्रश्न गेला, कितीतरी वेळ आत अडकून बसलेला. "पानं नेत होता ना हो तुम्ही? मग अख्खी कशाला कापलीत?"

"म्हणजे काय?" वेल्डरला खरंच नवल वाटलं. "तुम्हीच सांगितलं होतं की. पानाचा भरवसा नाही, शंकू पाहिल्याशिवाय तुम्ही कुणाच्या बापालाही सांगत नाही. गुडघे धरून डोंगर चढता तुम्ही, मी पाहिलंय. तुम्हाला वर कुठे बोलवायचं? आणि बायको म्हणाली, घाई करू नका, मामांनी हो म्हटल्याशिवाय मी गाभा तोंडाला लावायची नाही. म्हणून थांबलो, मामा. पंधरा दिवस रोज वर जाऊन बघत होतो, पिकतोय का. पिकला, तेव्हाच आणला."

मामांनी फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडे कुणीतरी वेल्डरला हाक मारली, बाईचा आवाज होता, थकलेला पण बरा वाटत असलेला. तो आलो म्हणाला आणि फोन बंद झाला.

माळीणबाईंनी उरलेल्या बिया बादलीत ओतल्या आणि वाकून बघितलं.

"एकही खाली गेली नाही, मामा," त्या म्हणाल्या.